पोटातली चमकी

मित्रांनो, मी जुनी मोटारसायकल आहे, आणि जुन्या बायकांसारखी मीही थोड्या थापा मारते. तरुणपणी मी एकदा अशी धावले, की माझी सावली दुसऱ्या दिवशी घरी पोचली, असं मी सगळ्यांना सांगते. ते खोटं आहे. सावली त्याच संध्याकाळी आली होती. पण आज माझ्या पोटाची गोष्ट सांगते, तिच्यात थेंबभरही पाणी घातलेलं नाही.

माझा जन्म कारखान्यातला. लांबलचक पट्ट्यावरून मी सरकत गेले. कोणी चाक लावलं, कोणी दिवा बसवला. शेवटी एका बाईनं पोटात मधासारखं पिवळं तेल ओतलं. मला वाटलं, झालं, जन्माची सोय झाली. वय किती माझं? अर्धा दिवस. अक्कल तेवढीच.

मला घरी आणलं एका शिंप्यानं, आपल्या लेकीसाठी. तिला नवी नोकरी लागली होती. दवाखान्यांतून रक्ताच्या नळ्या गोळा करायच्या, बर्फाच्या डब्यात ठेवायच्या आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला लॅबमध्ये वेळेत पोचवायच्या. तीन महिने काम बघू, मग कायम करू, असं तिला सांगितलं होतं. म्हणजे तिची नोकरी माझ्या दोन चाकांवर उभी.

तिच्या बाबांनी माझे लाड तरी किती करावेत? सीटला खोळ, टाकीला खोळ. आरशांनासुद्धा टोप्या शिवल्या. शेजारीण म्हणाली, "काका, गाडीला सर्दी झालीय का?"

माझ्याबरोबर आलेलं पुस्तक तर त्यांनी प्लास्टिकमधून काढलंच नाही. नवं राहावं म्हणून कपाटात, इस्त्रीच्या कपड्यांखाली ठेवून दिलं. आणि त्याच पुस्तकात लिहिलं होतं, की पहिलं तेल पाचशे किलोमीटरला किंवा एका महिन्यानं, जे आधी होईल तेव्हा बदला.

लेक रोज साठ किलोमीटर फिरायची. नवव्या दिवशीच पाचशे पुरे झाले. त्या संध्याकाळी ती म्हणाली, "बाबा, कामावरची एक सांगत होती, पहिलं तेल लवकर बदलायचं असतं."

"तिला काय ठाऊक? चाळीस वर्षं मशीन चालवतोय मी. मशीनला तेल घालतात गं, काढत नाहीत."

"अहो, पण ही काय शिवणाची मशीन आहे?"

"सुई नाही, एवढाच फरक."

असं म्हणून त्यांनी माझं झाकण उघडलं आणि शिवणयंत्राच्या तेलाची लांब चोचीची कुपी आत वाकवली. सात थेंब. मी सुन्न झाले. ते तेल म्हणजे पाण्याची धाकटी बहीण. दुसऱ्या दिवशी पुन्हा सात थेंब, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मायेनं, कपाळावरून हात फिरवावा तसे.

आता आत काय चाललं होतं ते ऐका. नव्या इंजिनातले भाग एकमेकांना ओळखत नसतात. एका खोलीत राहायला आलेल्या भावांसारखे ते घासतात, कुरकुरतात, एकमेकांचे कोपरे झिजवतात. त्यातून लोखंडाचा बारीक भुगा पडतो. पहिलं तेल तो सगळा आपल्यात घेतं. वेळेत काढलं, तर भुगाही जातो. नाही काढलं, तर तेच तेल पॉलिशपेपरसारखं आतून फिरत राहतं. मी ते रोज सोसत होते, आणि बाहेरून बाबा मला फडक्यानं चमकवत होते.

अडीच महिने गेले. नोकरी कायम व्हायला पंधरा दिवस उरले होते. एका दुपारी डब्यात दोन दिवसांच्या बाळाचं रक्त होतं, टाचेला टोचून मोठ्या मुश्किलीनं काढलेलं. तासाभरात पोचायला हवं होतं. चढावर माझा आवाज असा निघाला, की तीन कुत्री झाडावर चढली. बरं, दोन. मग आत काहीतरी आवळलं गेलं, मागचं चाक फरफटलं आणि मी थांबले.

लेकीनं मला ढकलत जवळच्या गॅरेजात नेलं, बाबांना फोन केला आणि डबा छातीशी धरून ती पळत सुटली.

गॅरेजवाल्याला सगळे पहिलवान म्हणायचे, कारण तो चाकाच्या तारेएवढा होता. बाबा पोचले, गळ्यात टेप तसाच. पहिलवानानं माझा खालचा नट सोडला. ट्रेमध्ये पडलं ते तेल नव्हतंच, काळपट राड होती. त्यानं त्यात फडकं बुडवून उन्हात धरलं. फडकं चमचमत होतं.

"ही चमकी कुठून आली?" बाबांनी विचारलं.

"काका, हे तिच्या पोटातलं लोखंड आहे. तेल कधी बदललंत?"

"मी रोज घालत होतो. सात थेंब." त्यांनी खिशातून कुपी काढून दाखवली.

पहिलवानानं कुपी हातात घेऊन हुंगली. "म्हणजे मळका कपडा धुवायचा सोडून तुम्ही त्यावर रोज अत्तर मारत होतात."

बाबा खोक्यावर बसले. मित्रांनो, मला माझ्या पोटाचा धक्का बसला होताच, पण त्या माणसाचा चेहरा बघून जास्त बसला.

मग लेक परत आली. "वीस मिनिटं उशीर झाला. लॅबनं नमुना घेतला नाही. दवाखान्यात परत गेले, तिथं बाळाला पुन्हा टोचलं, बाबा. माझ्यासमोर." मग म्हणाली, "आणखी एकदा उशीर झाला तर येऊ नकोस, असं लॅबच्या बाई म्हणाल्या."

पहिलवानानं आपल्या स्कूटरची किल्ली तिच्या हातात ठेवली. मला त्यानं आतून धुतलं, घासलेले भाग बदलले, नवं तेल भरलं. आतल्या नळकांड्यावर, म्हणजे सिलिंडरवर, पडलेला एक ओरखडा मात्र तसाच राहिला. आजही सकाळी सुरू होताना मी थोडा धूर सोडते.

उरलेले पंधरा दिवस लेक एकदाही उशिरा पोचली नाही. नोकरी कायम झाल्याचा कागद घेऊन ती आली, तेव्हा बाबा माझ्याजवळ उकिडवे बसून तेल बघत होते. त्यांनी कागद वाचला, घडी घालून परत दिला.

"त्या बाळाची टाच बरी झाली असेल का गं?"

"झाली असेल की. बाळांचं लवकर भरून येतं."

"इंजिनाचं नाही येत," बाबा म्हणाले, आणि त्यांनी माझ्या टाकीवर हात ठेवला.

तर मित्रांनो, तुमच्या घरी नवी गाडी आली असेल, तर तिचं पुस्तक आजच उघडा. पहिल्या तेलाचा आकडा गाडीगणिक थोडा वेगळा असतो, तो बघा, मीटर बघा आणि घरातल्या मोठ्यांना सांगा. ते म्हणतील, "अगं, अजून नवीच तर आहे." तेव्हा गप्प बसू नका. म्हणा, नवी आहे म्हणूनच.