तीन वाजता उजळणारा पडदा

तीन वाजायला पाच मिनिटं कमी होती आणि दोरोतेयाच्या घरात मुंगी शिरायला जागा नव्हती. दारात, जिन्यावर, खिडकीच्या गजांना धरून माणसंच माणसं. कोळणी मासळीच्या टोपल्या अंगणात टाकून तशाच ओल्या हातांनी आल्या होत्या. आणि एवढ्या गर्दीत आवाज मात्र नव्हता. शुक्रवारचे तीन म्हणजे ख्रिस्तानं क्रुसावर प्राण सोडला ती घटका. बुगनाय गावातली माणसं त्या वेळी एरवीही हळू बोलतात. गेले तीन शुक्रवार, या घरातला पडदा उजळू लागल्यापासून, तर श्वासही हळूच घेत होती.

कोपऱ्यातल्या टेबलावर संगणक होता. पडदा काळा. त्याच्यासमोर मांत्रिक बासिलिओ गुडघ्यांवर बसला होता, गळ्यात सात पदकं आणि हातात नारळाच्या तेलाची बाटली.

"देवदूता सान मिगेल, तलवार म्यान कर!" तो ओरडला. "समुद्राच्या तळाशी भरकटलेल्या जिवा, तारेतून ये! दोनशे वीस व्होल्टचा दरवाजा तुला मोकळा आहे! वाट उघड!"

पडदा उजळला.

कोणी हात लावला नव्हता. टेबलापासून चार हात अंतरावर सगळे होते. सालोमे सर्वांत पुढे, वहिनी दोरोतेयाच्या खांद्याला खांदा लावून उभी होती. तिनं डोळे फाडून पाहिलं होतं.

"जगाची उलथापालथ झाली, अन्सेल्मो!" बासिलिओ कळवळून म्हणाला. "दाखव!"

पडद्यावरचं सगळं चित्र गर्रकन उलटं झालं, वरचं खाली. बायका किंचाळल्या. मग एक पांढरी चौकट उघडली आणि तिच्यात एकेक अक्षर उमटू लागलं, उलटं, जणू पाण्याखालून कोणीतरी लिहीत होतं.

*मी ओला आहे. थंडी वाजते.*

तेच शब्द पुन्हा बघून दोरोतेया मटकन खाली बसली. तिचा नवरा अन्सेल्मो वर्षापूर्वी वादळात होडीसकट गेला होता. होडीची एक फळी मिळाली, माणूस मिळाला नाही. सालोमे त्याची धाकटी बहीण.

"बोल!" बासिलिओ म्हणाला.

आणि यंत्र बोललं. आवाज ना बाईचा, ना पुरुषाचा. गावचीच भाषा, पण मोडकी, चघळलेली, तोंडात पाणी भरल्यासारखी. अक्षरं उमटत गेली आणि आवाज ती वाचत गेला. *पोरीच्या अंगात मीच येतो. गोळ्या मला जाळतात. गोळ्या बंद करा. पुढच्या शुक्रवारी भरतीला तिला माझ्याकडे आणा.*

पोरगी, जोवेलिन, अकरा वर्षांची. आईच्या घागऱ्याला धरून उभी होती. तिला दोन वर्षांपासून फेफरं यायचं. आरोग्य केंद्राच्या गोळ्यांनी आठ महिन्यांत एकदाही आलं नव्हतं.

"ऐकलंत?" बासिलिओ उठला. "भरतीच्या पाण्यात सात बुड्या. प्रत्येक वेळी तो सोडेपर्यंत वर काढायचं नाही. बाप आहे तो, मारणार नाही. आणि त्या गोळ्या इकडे द्या."

दोरोतेयानं गोळ्यांची पुडी त्याच्या हातात दिली. त्यानं ती खिडकीतून सरळ समुद्राच्या दिशेनं भिरकावली. बाहेरच्या ओसरीवर त्याची बायको फेलिसिदाद नेहमीसारखी डोक्यावर शाल घेऊन, मांडीवर झाकलेली परडी ठेवून जप करत बसली होती. तिनं क्रुसाची खूण केली.

त्या रात्री सालोमेला झोप लागली नाही. तिला भुताची भीती वाटत होती, आणि तिच्या डोक्यात जे घोळत होतं त्याची त्याहून जास्त. नगरवाचनालयात दर शनिवारी आरासेली बाईंचा वर्ग असे: घरी संगणक वापरणाऱ्या बायकांसाठी छोट्या छोट्या युक्त्या. शिवणकामाची मापं लिहून ठेवता यावीत म्हणून सालोमे जायची. महिन्यापूर्वी बाईंनी हसत हसत तीन बटणं एकदम दाबली होती आणि पडदा अस्साच उलटा झाला होता. "नातवंडांनी चुकून केलं तर घाबरू नका," बाई म्हणाल्या होत्या. "तीच बटणं, फक्त खालच्या बाणाऐवजी वरचा."

पण बाईंची बोटं होती बटणांवर. इथे कोण होतं? सालोमेनं तो विचार झटकला. आपल्या मेलेल्या भावावर संशय घ्यायचा, तोही तो थंडीनं कुडकुडत असताना?

रविवारी सकाळी चर्चला निघताना जोवेलिन पायरीवरच कोसळली. नेहमीचं फेफरं दोन मिनिटांत ओसरायचं, हे संपेचना. ओठ निळे पडले. सालोमेनं तिला कुशीवर वळवून धरलं होतं आणि दोरोतेया आकाशाकडे बघून ओरडत होती, "अन्सेल्मो, सोड तिला! शुक्रवारी आणते, म्हटलं ना!"

पोरगी भानावर आली तशी सालोमे पायात चपला न घालता थेट बाईंच्या घरी पळाली.

आरासेली बाई हायस्कूलमधून निवृत्त झालेल्या, बारीक चणीच्या, कमी ऐकू येणाऱ्या. भात वाढून घेत होत्या. सगळं ऐकून घेतलं, दोनदा "मोठ्यानं बोल" म्हणाल्या, मग ताट बाजूला सारलं.

"गोळ्या आधी. भूत नंतर. चल आरोग्य केंद्रात, नर्स जवळच राहते."

"पण बाई, तो खरंच असला तर? गोळ्यांनी त्याला..."

"सालोमे, मला एक सांग. तो आवाज कसा बोलतो? आपली अक्षरं इंग्रजी हेल काढून?"

सालोमे दचकली. "हो. तोंडात पाणी असल्यासारखं."

"तोंडात पाणी नाही, इंग्रजी आहे. आंधळ्या माणसांना पडदा वाचून दाखवायची सोय प्रत्येक संगणकात असते. तिला इंग्रजीच येतं. आपली भाषा वाचायला दिली की ती अशीच चावते. आणि पडदा आपोआप उजळतो? मग तो बंद नसतो, नुसता झोपवलेला असतो. कुठलंही बटण दाबलं की जागा होतो."

"बटण दाबायला कोणी नव्हतं, बाई! मी समोर होते!"

"समोर होतीस. पाठीमागे बघितलंस?"

सालोमेनं नकाराची मान हलवली.

"संगणकाच्या पाठीला जी भोकं असतात तिथे बघ. नखाएवढं काहीतरी खुपसलेलं असेल. असलं तर काढू नकोस. आधी मला सांग."

दुपारी दोरोतेया पोरीजवळ आडवी झाली तेव्हा सालोमे टेबलाखाली शिरली. हाताला कोळिष्टक लागलं आणि तिचा जीव उडाला. अंधारात ती बोटांनी चाचपत राहिली. दर क्षणी वाटत होतं, दुसऱ्या बाजूनं कोणाचं तरी थंडगार बोट आपल्या बोटाला लागणार. लागलं ते एक काळं, गुळगुळीत, शेंगदाण्याएवढं काहीतरी. घरात अशी वस्तू कोणी आणली नव्हती. अन्सेल्मोच्या वर्षदिनाच्या प्रार्थनेला नऊ दिवस कोण येत होतं ते तिला आठवलं. प्रार्थना सांगायला फेलिसिदाद यायची, आणि टेबलाजवळच बसायची.

संध्याकाळी तिनं वहिनीला सांगून पाहिलं. अर्धं वाक्य झालं असेल नसेल, दोरोतेयानं तिला दाराबाहेर ढकललं.

"वर्षानं माझा नवरा माझ्याशी बोलला, आणि तू त्याला हाकलून देतेस? बहीण आहेस की वैरीण?"

"वहिनी, पोरगी मरेल गं..."

"पुन्हा या घरात हे बोललीस तर शुक्रवारी तुलाही येऊ देणार नाही!"

मग सालोमेनं तोंड बंद ठेवलं आणि हात चालू ठेवले. नर्सनं दिलेली गोळी ती रोज सकाळ-संध्याकाळ केळ्यात कुस्करून भाचीला भरवू लागली. मंगळवारी पोरीनं तोंड वाकडं केलं.

"आत्या, केळं कडू आहे." मग तिच्या कानाशी येऊन, "गोळी आहे ना? बाबा रागावले तर?"

सालोमेनं चमचा पुन्हा भरला. "रागावले तर माझ्यावर रागावतील. लहानपणापासून रागवायचेच माझ्यावर. तू गीळ."

असं म्हणाली खरी. पण रोज अंधार पडला की तिला समुद्राच्या बाजूची खिडकी उघडायचा धीर होत नव्हता. बाईंचं म्हणणं चुकीचं असलं तर आपण भाचीला आपल्या हातानं मारतोय, हा विचार चार दिवस तिच्या छातीवर बसून होता.

शुक्रवार उजाडला. भरती साडेचारची. दुपारपासून अंगण भरलं. किनाऱ्यावर चार माणसं होडी घेऊन तयार होती. दोरोतेयानं पोरीला पांढरा झगा घातला होता. बाईंशी ठरलं होतं तसं सालोमे केर काढायच्या निमित्तानं टेबलाखाली वाकली, तो काळा शेंगदाणा उपटला आणि घागऱ्याच्या आडून आरासेली बाईंच्या मुठीत दिला. बाई बायकांच्या गर्दीत बाकावर बसल्या होत्या. मांडीवर त्यांचा स्वतःचा छोटा संगणक उघडा, वरून ओढणी. आणलेली वस्तू त्यांनी त्याच्या कडेला खुपसली.

घड्याळात तीन वाजले.

"सान मिगेल, तलवार म्यान कर! दोनशे वीस व्होल्टचा दरवाजा मोकळा आहे! वाट उघड!"

टेबलावरचा पडदा काळाच राहिला.

"वाट उघड!" बासिलिओ पुन्हा ओरडला. काही नाही. त्यानं घाम पुसला. "आज घरात कोणीतरी अपवित्र आहे! तरीही मी आज्ञा करतो! जगाची उलथापालथ झाली, दाखव! बोल, अन्सेल्मो, बोल!"

आणि तो बोलला. आरासेली बाईंच्या मांडीवरून.

बाकावरच्या बायका उड्या मारून पळाल्या. शेजारचं बाक उलटलं. सालोमेला सगळं ठाऊक होतं, तरी ती एक पाऊल मागे सरली. तोच चघळलेला आवाज हातभर अंतरावरून येत होता. बाई मात्र शांतपणे उठल्या. त्यांनी ओढणी काढली आणि संगणक डोक्याच्या वर धरला. पडदा उलटा, पांढरी चौकट, आणि अक्षरं एकामागून एक उमटत होती. *दोरोतेया, मी वाट बघतो. पोरीला आण.*

"भूत त्या यंत्रात घुसलं!" बासिलिओ किंचाळला. "बाईला झपाटलं! दूर व्हा!"

"घुसलं खरं," बाई म्हणाल्या. "पण ते येतंय कुठून? सालोमे, जा. बघ जा."

ओसरी दहा पावलांवर होती. सालोमेला ती मैलभर वाटली. उंबऱ्यावर तिचे पाय अडले. बाहेर फेलिसिदाद शालीखाली मान घालून बसली होती. मांडीवर परडी, परडीवर नक्षीचं कापड, दोन्ही हात कापडाखाली. ओठ जप करत होते. सालोमेनं कापडाचं टोक धरलं आणि ओढलं.

परडीत काळा, बिनतारी बटणफलक होता. फेलिसिदादची दहाही बोटं त्याच्यावर धावत होती. तिनं वर पाहिलं, आणि पुढची दोन-तीन अक्षरं उमटल्यावर मगच बोटं थांबली. आत बाईंच्या हातातलं वाक्यही तिथेच तुटलं.

मग जो गलका झाला तो सांगायला नको. कोणी मासळी कापायचा सुरा उचलला, कोणी बासिलिओची पदकं हिसकली. "हात लावू नका त्यांना!" बाई ओरडल्या. "पोलीस बघतील. तुम्ही आधी हे बघा." त्यांनी परडी एका म्हाताऱ्या कोळ्यापुढे धरली. "आजोबा, ही तीन बटणं एकदम दाबा."

म्हाताऱ्यानं डोळे मिटून दाबली. पडदा सरळ झाला. त्यानं एक डोळा उघडला, खालचा बाण दाबला. पडदा उलटा झाला. "आयला!" तो म्हणाला, आणि पुन्हा दाबायला लागला. तो नखाएवढा तुकडा ज्या यंत्राला लावाल ते यंत्र या परडीचं ऐकतं, हे लोकांनी स्वतःच्या बोटांनी करून पाहिलं. बासिलिओ आरोळी ठोकायचा ती खूण. 'वाट उघड' म्हटलं की जागं करायचं, 'उलथापालथ' म्हटलं की उलटं करायचं, 'बोल' म्हटलं की आवाज.

फेलिसिदाद एकदाच बोलली. "इलोइलो शहरात कचेरीत अकरा वर्षं टाइप केलं मी. न बघता." ती सालोमेकडे पाहत नव्हती. "सगळे आरोग्य केंद्राकडे जायला लागले. याच्याकडे कोणी फिरकेना. पोरीला बुडवायचं म्हणून मला सांगितलं नव्हतं, पण... लिहिलं तर मीच."

दोरोतेया एवढा वेळ भिंतीला टेकून होती. पांढऱ्या झग्यातली पोरगी तिच्या कुशीत. गलका कमी झाल्यावर ती पुढे आली, बाईंच्या अगदी जवळ, आणि कोणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात विचारलं:

"म्हणजे... त्यांना थंडी वाजत नाहीये?"

बाईंना ऐकू आलं नाही. सालोमेनंच उत्तर दिलं. "नाही, वहिनी. नाही वाजत."

"तीन आठवडे मी पांघरूण घेतलं नाही," दोरोतेया म्हणाली. "ते कुडकुडतायत आणि मी कशी घेऊ?" आणि ती रडायला लागली, वर्षभरात रडली नव्हती तशी. सालोमेनं तिला धरलं. सालोमेलाही रडू आवरेना, कारण भाऊ दुसऱ्यांदा गेला होता.

"काय म्हणाली ती?" बाईंनी विचारलं. सालोमेनं मोठ्यानं सांगितलं, सगळ्या घराला ऐकू गेलं. सुरा उचललेला माणूसही खाली बघू लागला. आरासेली बाईंचा आवाज पहिल्यांदाच कापला.

"ऐकलंत? हे करते अंधश्रद्धा. दुःखी बाईला थंडीत झोपवते आणि तिच्या लेकराला पाण्यात बुडवायला गाव होडी घेऊन उभं राहतं. घाबरलात त्याची लाज वाटून घेऊ नका, मीही घाबरले असते. पण घाबरलात तरी विचारा: हे कसं झालं? कोणाचा हात कुठे आहे? आपल्या घरच्या यंत्राला काय काय जोडलंय ते महिन्यातून एकदा वाकून बघा, कळलं नाही तर चार जणांना विचारा, मला विचारा. आणि लेकराचं औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. मग तो सांगणारा जिवंत असो नाहीतर मेलेला."