दीड वाजताची आरती

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत वाशीच्या आमच्या ऑफिसात पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारचे कारकूनसुद्धा डबे तसेच टाकून कॉम्प्युटरबुवांचा चमत्कार बघायला आले होते! साल एकोणनव्वद. आमचे बारा कॉम्प्युटर एका सर्व्हरला जोडलेले, आणि तो सर्व्हर रोज तीनच्या सुमारास बंद पडायचा.

"यंत्रालाही प्राण असतो, बालकांनो!" बुवा गरजले. "त्याला निजवा. आरती झाली की उठवा!"

सर्व्हर बंद. आरती. सर्व्हर चालू. आणि खरंच, संध्याकाळी सहापर्यंत काही बिघडलं नाही. मग रोज दीडला आरती ठरली.

बुवांनी अपशकुनही शोधला. दिवाळे गावची मुक्ताबाई, विधवा, सर्व्हरची खोली झाडायची. तिला वर यायची बंदी झाली, आणि एक तारखेपासून कामच बंद होणार होतं. दोन महिने ती जिन्यात एकटीच बसून जेवत होती. तिच्याशी कुणी बोलेना. सर्व्हरचा प्रोग्राम माझा, म्हणून माझ्याशीही कुणी बोलत नसे, पण मला निदान खुर्ची होती.

शेवटी मी आमच्या मॅनेजरना, सामंतसाहेबांना म्हटलं, "उद्या आरती करा, बटणाला हात नको. परवा नुसतं बटण, आरती नको."

"अरविंद, नसतं लफडं नको हं."

"बाईची नोकरी चाललीय, साहेब!"

साहेब कसेबसे तयार झाले. पहिल्या दिवशी शंखासकट आरती झाली. तीनला मशीन आडवं! बुवा म्हणाले, "कुणीतरी शंका घेतली." दुसऱ्या दिवशी नुसतं बटण बंद-चालू केलं. सहापर्यंत मशीन ठणठणीत.

मग मी प्रोग्राम उघडला. प्रत्येक कॉम्प्युटरसाठी सर्व्हर आपल्या मेमरीत थोडी जागा अडवतो. काम रीतसर बंद केलं की ती सुटते. पण साहेबांचीच पाटी होती, 'उठताना वीज वाचवा'. चहाला उठणारा प्रत्येक जण थेट भिंतीवरचं बटण दाबायचा. जुनी जागा अडलेली राहायची, परत आल्यावर नवी अडायची. तीनपर्यंत मेमरी भरायची. सर्व्हर बंद केला की सगळी मोकळी! अचानक बंद झालेल्या कॉम्प्युटरची जागा सोडवायची, हे प्रोग्रामात लिहायला मीच विसरलो होतो. तेवढंच लिहिलं, आणि मशीन पुन्हा पडलं नाही.

साहेबांनी बंदी उठवली. मी जिन्यात गेलो. "मुक्ताबाई, चला वर. चूक माझी होती."

ती उठली नाही. "सायेब, मना पन वाटाला लागलेलं, माज्याच पायांत कायतरी हाय."

मला फार लाज वाटली. मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो आणि डबा उघडला.

वाचकहो, कुणाच्या पायांकडे बोट दाखवण्याआधी एक दिवस आरती थांबवून बघा. बुवांना हसण्यात मी दोन महिने घालवले. बघायला दोन दिवस पुरले असते.