मोकळ्या हवेचा आकडा

विमल गेली त्याला आठ महिने झाले. तिची गाडी आता मी चालवतो.

माझं नाव लहानू. वर्ध्याच्या एका हायस्कुलात एकतीस वर्षं प्रयोगशाळेचा शिपाई होतो. आता सिंदी मेघेला राहतो. विमल नर्स होती. देवळीकडच्या खेड्यांत लसी टोचत फिरायची. पन्नाशीला आल्यावर तिनं ही जुनी डिझेल गाडी घेतली. स्वतः शिकली, मग मला शिकवली. शिकवताना जेवढी ओरडली तेवढी बाकीच्या सगळ्या संसारात ओरडली नसेल.

फेब्रुवारीत गाडी बिघडली. मुलगा चंदन नागपूरहून आला होता. त्याला घेऊन येताना रेल्वेच्या उड्डाणपुलावर, नेमक्या चढावर, गाडीनं दम सोडला. मागे सिमेंटचा ट्रक होता. ट्रकवाल्यानं हॉर्न दाबला तो सोडलाच नाही.

घरी आल्यावर चंदन म्हणाला, "बाबा, ही गाडी विकून टाका. एखाद्या दिवशी त्या पुलावरच राहून जासान."

"दुरुस्त होते."

"चार माणसं बसवून, एसी लावून पूल चढली तं ठेवा. येत्या रविवारी मी गिऱ्हाईक घेऊनच येतो, नाई चढली तं तिथंच देऊन टाकू."

मी हो म्हटलं. तिच्या साड्या तिच्या बहिणी घेऊन गेल्या, रीतच आहे तशी. भांडी सुनेनं नेली. गाडीसुद्धा जावी असं मला वाटत नव्हतं. का वाटत नव्हतं ते चंदनला सांगायला गेलो असतो तर बोलता आलं नसतं, म्हणून नुसतं हो म्हटलं.

बोरगाव मेघेला धर्मेंद्रचं गॅरेज आहे. हा आमच्याच शाळेतला. त्यानं प्रयोगशाळेतल्या दोन ब्युरेट, म्हणजे मापाच्या काचनळ्या, फोडल्या होत्या, आणि दोन्ही वेळा नाव दुसऱ्याचं सांगितलं होतं. आधी तो ट्रॅक्टरच्या टायरांचं काम करायचा. दोन वर्षांपूर्वी त्यानं लॅपटॉप घेतला आणि बोर्डावर 'इंजिनिअरिंग' असं लिहून घेतलं.

त्यानं लॅपटॉप जोडला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "मामा, प्रेशर सेन्सर गेला."

"तो काय करते?"

"टर्बो इंजिनात हवा कोंबते. किती कोंबली ते हा सेन्सर गाडीच्या कॉम्प्युटरले सांगते. मंग कॉम्प्युटर तेवढं डिझेल सोडते. हा बोललाच नाई तं कॉम्प्युटर काय करन? भेते, अन् डिझेल कमी करते."

सेन्सर अंगठ्याएवढा होता. या गाडीचा आता मिळत नाही, म्हणून मोठ्या गाडीचा, जास्त दाब मोजणारा लावू, असं त्याचं म्हणणं. फक्त त्याची भाषा आपल्या गाडीला कळणार नाही, म्हणून मधे एक डबी लावायची आणि लॅपटॉपवरून त्या डबीला माप शिकवायचं. "तुमची गाडी आता विमान होते," तो म्हणाला.

शुक्रवारी काम झालं. मी गाडी बाहेर काढली. सुरू झाली, पण पुढे जाईना. अॅक्सिलरेटर पार तळाला टेकला तरी बैलगाडीची चाल. एक बाई स्कूटीवरून पुढे गेली. मग एक म्हातारा सायकलवरून पुढे गेला आणि जाताना त्यानं वाकून आत पाहिलं, मी झोपलो आहे का म्हणून. मग एक म्हैस बरोबरीनं चालली. तिला घाई नव्हती, पण नाक्याजवळ तीही पुढे गेली.

मी तसाच परत आलो. "धर्मेंद्र, तुहं विमान म्हशीनं मागे टाकलं."

"सेट व्हायले एखादा दिवस लागते, मामा."

"परवा रविवार हाय."

शनिवारी सकाळीच मी पुन्हा गॅरेजात जाऊन बसलो. त्यानं चावी फिरवली, इंजिन सुरू केलं नाही, आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "पाहा. सगळं बरोबर हाय."

पडद्यावर दाबाच्या पुढे शून्य होतं.

"हे शून्य कायचं?"

"इंजिन बंद, टर्बो बंद. तं दाब शून्य."

"अन् बाहेरची हवा?"

"ते तं मोकळी हाय. मोकळ्या हवेले कायचा दाब, मामा?" त्यानं टायरमधली हवा मोजायचा काटा माझ्यापुढे धरला. "हे पाहा. कशालेच लावला नाई. किती दाखवते? शून्य. मी यावरूनच माप शिकवलं. मोकळं ठेवलं तं शून्य, पंपानं पंधरा पौंड मारले तं पंधरा पौंड. काटा बनवणारी कंपनी येडी हाय काय?"

मोकळ्या हवेला दाब असतो हे दाखवणारा प्रयोग एकतीस वर्षं मी मांडत आलो होतो. ग्लास मी धुवायचो, पाणी मी भरायचो, पुठ्ठा मी कापायचो, आणि बोलायचे सर. मला बोलायला पहिल्यांदाच मिळत होतं.

"ग्लास आण. पाण्यानं भर. अन् जाड कागद दे."

त्यानं कोणाची तरी लग्नपत्रिका दिली. मी ती ग्लासवर ठेवली, हातानं दाबली, ग्लास उलटा केला आणि म्हणालो, "आता पाहा, हवेचा दाब." हात काढला. सगळं पाणी धर्मेंद्रच्या बुटात गेलं.

"पाहिलं," धर्मेंद्र म्हणाला.

पत्रिकेवर उठावाचा कलश होता, त्याच्या बाजूनं हवा शिरली होती. मी ऑइलच्या कॅलेंडरचं गुळगुळीत पान फाडलं. त्यानं "मामा, त्यावर पुढचा महिना हाय!" असं ओरडेपर्यंत मी ग्लास पुन्हा उलटा केला होता. या वेळी कागद चिकटून राहिला. पाण्याचा थेंब पडला नाही.

धर्मेंद्र खाली वाकला आणि खालून ग्लासकडे पाहत राहिला.

"कोण धरून हाय हे पाणी?" मी विचारलं.

"...हवा?"

"मोकळी हवा. शाळेत होता तेव्हा कुठी पाहत होता?"

"मोहिनीकडे," तो म्हणाला. आता ती त्याची बायको आहे, म्हणून मी पुढे बोललो नाही.

"तुहा टायरचा काटा मोकळ्या हवेच्या वरचं तेवढं मोजते. म्हणून त्याचं शून्य इथून सुरू होते. हा सेन्सर पार तळापासून, हवाच नसन तिथून मोजते. तू त्याले मोकळी हवा म्हणजे शून्य असं शिकवलं. कॉम्प्युटर म्हणते, हवाच नाई तं डिझेल कायले देऊ?"

तो लगेच लॅपटॉपपुढे बसला. मग थांबला. "मंग आज मोकळ्या हवेचा आकडा किती?"

शनिवारी शाळा सकाळची असते. मी नत्थूला फोन लावला. माझ्या जागी आता तो आहे.

"नत्थू, भिंतीवरचा बॅरोमीटर पाहून सांग."

"काका, त्याच्यावर टॉवेल वाळू घातला हाय."

"टॉवेल काढ."

फोनमधून टॉवेल झटकल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "त्र्याहत्तर अन् वर आठ बारक्या रेघा."

म्हणजे त्र्याहत्तर पूर्णांक आठ सेंटिमीटर पारा. धर्मेंद्रनं हिशेब केला. लॅपटॉपच्या मापात, म्हणजे किलोपास्कलमध्ये, अठ्ठ्याण्णव आले. शून्याच्या जागी अठ्ठ्याण्णव टाकले, पंधरा पौंडाच्या आकड्यातही अठ्ठ्याण्णव मिळवले. इंजिन बंद ठेवून पाहिलं. पडद्यावर अठ्ठ्याण्णव. मी नत्थूला कळवायला पुन्हा फोन केला, तर तो म्हणाला, "आता टॉवेल टाकू ना?"

रविवारी चंदन गिऱ्हाईक घेऊन आला. प्रभाकरराव, देवळीचे कापसाचे व्यापारी. माणूस दारातून आडवा होऊन आत आला. मला फार बरं वाटलं; एवढं वजन घेऊन गाडी पूल चढली तर चंदनला बोलायला जागा उरणार नव्हती.

चंदन चालवायला बसला, मी बाजूला. मागे प्रभाकरराव आणि आपलं काम पाहायला आलेला धर्मेंद्र, म्हणजे तीन चतुर्थांश प्रभाकरराव. एसी लावला. पुलाच्या चढावर पुढे गिट्टी भरलेला ट्रक होता. चंदननं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "दाब." त्यानं दाबला. गाडीनं श्वास घेतल्यासारखा आवाज केला आणि आम्ही ट्रकच्या पुढे गेलो. प्रभाकररावांची टोपी मागच्या काचेला लागली.

पुलाखाली उतरल्यावर प्रभाकरराव म्हणाले, "घेतली! आत्ताच घेतली."

"गाडी विकायची नाई," मी म्हटलं.

"मंग मले काऊन बोलावलं?"

चंदन गाडी चालवता चालवता हसायला लागला. "वजन म्हणून, काका. चार माणसं पाहिजे होते."

"म्या सकाळचा नाश्ता सोडून आलो हावो!" ते म्हणाले. मग देवळीपर्यंत सोडून द्यायचं ठरलं. धर्मेंद्र नाक्यावर उतरला. प्रभाकरराव घरी पोचेपर्यंत गाडीची किंमत वाढवत होते.

परत येताना गाडीत आम्ही दोघंच. थोडं आल्यावर चंदन म्हणाला, "आई याच रस्त्यानं जात होती ना?"

"पुढचं वळण डावीकडे," मी म्हटलं. "तिथून तिची गावं सुरू होतात."

त्यानं इंडिकेटर दिला.