विझवलेला पिवळा दिवा

मित्रांनो, मोटारीच्या स्टिअरिंगमागे बसलेला नखाएवढा, जुना पिवळा दिवा म्हणजे मी. माझे आयुष्य कुणी ऐकावे एवढे मोठे आहे की नाही, याची मला खात्री नाही. तरी थोडे ऐका.

कारखान्यात मला एकच काम शिकवले. टायरमधली हवा कमी झाली की ते चाक इतरांपेक्षा भरभर फिरते. तसे झाले की मी लागायचे, म्हणजे पेटायचे. माझ्याजवळ एक बटण आहे. ते दाबून धरले की मी विझतो आणि त्या घडीला जेवढी हवा असेल तीच योग्य मानू लागतो. ती खरेच योग्य आहे का, हे विचारायला मला तोंड नाही.

फिनलंडच्या उत्तरेला आमची मोटार शाळेची टॅक्सी म्हणून धावते. हेल्वी ती चालवते. तिचा नवरा टाउनो हिवाळ्याआधी बर्फावर घसरू नये म्हणून बारीक लोखंडी खिळे जडवलेले, खिळ्यांचे टायर चढवतो, हवा भरतो आणि बटण दाबतो. एकदा माझ्यामुळे फाटका टायर सापडला, तेव्हा हेल्वीने मला थोपटले होते. "शहाणा आहेस रे!" ती म्हणाली होती. तेवढेच माझे कौतुक.

कडाक्याच्या थंडीत हवा आकसते आणि मी लागतो. पूर्वी टाउनो हवा भरायचा. पुढे नुसतेच बटण दाबू लागला.

यंदा सौनाचे, म्हणजे अंगणातल्या वाफेच्या न्हाणीघराचे, छप्पर दुरुस्त करताना पडलेला एक खिळा मागच्या चाकात शिरला. मी लागलो.

"टाउनो, दिवा लागलाय."

"हुडहुडी भरलीय त्याला. दरवर्षीचं नाटक!"

"वाकून बघ तरी. मागे पोरं बसतात माझ्या."

टाउनो कॉफीचा मग घेऊन आला आणि वाकला. "खिळा दिसतोय खरा. शेजारी त्याचं अख्खं खानदान दिसतंय! अगं, खिळ्यांचेच टायर आहेत हे!"

हेल्वीला हसू फुटले. टाउनोने बटण दाबून धरले.

मला विझायचे नव्हते, मित्रांनो. पण विझलो.

वाटेत मुले चढली. छोटी वीवी म्हणाली, "हेल्वी, आज गाडी लंगडतेय."

"रस्ताच खडबडीत झालाय, राणी. बर्फ बघ किती."

मी मात्र त्या लंगड्या चालीलाच बरोबर मानायला शिकत होतो. तळ्याच्या वळणावर टायर बसला. गाडी घसरली आणि बर्फाच्या ढिगात कलंडली. वीवीचा हात मोडला. ती रडत होती, आणि माझ्या जागी अंधार होता. मोटारीच्या भाषेत त्याचा अर्थ, सगळे ठीक आहे.

टाउनोने चाकातला खिळा उपटला. त्या खिळ्याचे डोके टायरच्या खिळ्यांपेक्षा मोठे होते.

हात बरा झाल्यावर वीवी पुन्हा टॅक्सीत बसू लागली. बसल्याबरोबर ती माझ्याकडे बघते.

"दिवा विझलाय. म्हणजे सगळं ठीक आहे ना?"

हेल्वी खाली उतरते आणि हवा मोजायचे यंत्र एकेका चाकाला लावते. तोवर वीवी माझ्यावरची नजर काढत नाही. मला तिला 'हो' म्हणता येत नाही, 'नाही'ही म्हणता येत नाही.

मित्रांनो, मला विझवायला एक बोट पुरते. ते बोट उचलण्याआधी चाकापाशी जा. मी तुम्हाला अडवू शकणार नाही.