‘टिचकी’ची ‘तिचकी’ झाली तेव्हा

“आई, बाबा, तुम्ही माझा ब्लॉग खरंच वाचता, की नुसतं ‘छान’ म्हणता?”

हा प्रश्न विचारायची पैज माझ्या मालकिणीशी तिच्या मैत्रिणींनी लावली होती. आई नुकतीच दवाखान्यातली पाळी संपवून आली होती. बाबा चष्म्याचं दुकान बंद करून जेवायला बसले होते. आणि मी तिच्या मांडीवर होतो. मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड. पोटात बिस्किटांचा चुरा, पाठीला चिकटपट्टी.

“वाचते की गं,” आई म्हणाली. “छान असतं.”

“छानच!” बाबा म्हणाले.

“मग शेवटचा लेख कशावर होता?”

बाबांनी पाण्याचा मोठा घोट घेतला. “तो ना... छान होता तो.”

“बाबा, सात आठवडे मी एक अक्षर लिहिलेलं नाहीये!”

जगाला चष्मे लावणाऱ्याच्या घरी हा असा दिव्याखाली अंधार!

पैज ती जिंकली, पण खोलीत येऊन माझ्यावर डोकं टेकून बसली. माझ्या सोळा कळा एकदम दाबल्या गेल्या, पण मी हूं की चूं केलं नाही.

तसा मी कष्टाळू. कारखान्यातून थेट तिच्या मावशीच्या टायपिंगच्या दुकानात गेलो. अर्ज, भाडेकरार, नोकरीचे बायोडेटा, सगळं माझ्यातून गेलं. मावशी माझ्याकडे न बघता टाइप करायची, आणि गिऱ्हाईक म्हणायचं, “काय हात चालतो हो तुमचा!” कौतुक हाताचं, झीज माझी. पुढे माझ्यावर चहा सांडला, डावं शिफ्ट मेलं आणि माझी रवानगी भाचीकडे झाली.

तिथे मी पुन्हा तरुण झालो! तिने ‘टिचकी’ नावाचा ब्लॉग काढला. एकदा तिने जिन्यातल्या चपलांवर लिहिलं. कुठल्या दाराबाहेर कुणाच्या चपला असतात, कुणाच्या आता नसतात, एवढंच. नऊशे जणांनी वाचलं. शाळेत बाईंनी वर्गात वाचून दाखवलं. ती हवेत, मी तिच्या मांडीवर.

आणि त्याच चपलांनी तिची वाट अडवली. पुढचं प्रत्येक वाक्य ती लिहायची, चपलांच्या लेखाशेजारी ठेवून बघायची आणि पुसायची. लिही, पूस. लिही, पूस. माझी पुसायची कळ झिजून गुळगुळीत झाली. मित्रांनो, माझ्यातून भाडेकरार गेले तेव्हा मी कधी थकलो नाही, पण त्या सात आठवड्यांत मी जे लिहिलं त्यातलं काहीच उरलं नाही. असं जगणं नको वाटायचं.

रविवारी दुपारी तिने मला सांगून टाकलं, “आज नाही सुचलं, तर ब्लॉग बंद. आणि तू भंगारात.”

माझ्या तारेत गोळाच आला. चार वाजले. पाच वाजले. पडदा कोरा. शेवटी तिने चिडून माझ्यावर अशी मूठ आपटली, की उजवं शिफ्टही गेलं!

ती इंग्रजी अक्षरांतून मराठी टाइप करायची: शिफ्ट दाबलं तर ट, ड, ण, ळ. नाही दाबलं तर त, द, न, ल. आता दोन्ही शिफ्ट मेलेली, म्हणजे म्हातारपणी मी चक्क बोबडा झालो. तिला त्याचा पत्ताच नव्हता. डोळ्यांत पाणी, नजर माझ्यावर. ती शेवटचा निरोप बडवत होती आणि पडद्यावर उमटत होतं:

‘मला वाततं, मी दबक्यातली बेदकी आहे आनि पानी आतत चाललंय. मला मोथ्याने रदायचंय.’

वर बघितलं आणि ती थिजली. बोट पुसायच्या कळेवर गेलं. गेला, हाही गेला, मी म्हटलं. पण पुसून तरी काय लिहिणार? पुन्हा बोबडंच! तिला हसू फुटलं, मग रडू, मग दोन्ही एकदम. आणि ती लिहीतच सुटली. चपलांची भीती, मैत्रिणींची पैज, बाबांचा पाण्याचा घोट, सगळं बोबडं, खाली सहीसुद्धा ‘तिचकी’. एक अक्षर न पुसता तिने ते ब्लॉगवर टाकलं.

दहा मिनिटांनी आई मोबाईल घेऊन दारात. “अगं, ‘रदायचंय’ काय? लहानपणी तू अस्संच म्हणायचीस! आणि आम्ही काम टाकून ऐकत बसायचो...” ती पलंगावर टेकली. आज ‘छान’ म्हणाली नाही. विचारलं, “पाणी कधीपासून आटतंय गं?”

मागून बाबा आले, चष्मा कपाळावर. “ही ‘तिचकी’ कोण? तीच की ही, आपली?” हसवायला गेले, आणि चष्मा डोळ्यांवर ओढून आईच्या हातातला मोबाईल पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले.

मित्रांनो, घरातल्या जुन्या कीबोर्डवर मूठ आपटू नका. चुरा झटका, कधीतरी त्याला पालथा करा. आणि बोबडं बोलणाऱ्याला पुसू नका, बोलू द्या.

माझी मालकीण मला छातीशी धरून उभी राहिली.

“आई, बाबा, ऐका. ब्लॉग बंद होणार नाही. हा भंगारात जाणार नाही. आणि आजपासून या घरात ‘छान’ म्हणायला बंदी. वाचायचं, आणि मला एक प्रश्न विचारायचा. कळलं?”