कच्चा रंग

पॉलिशवाल्याने हातावर प्लास्टिकची पातळ पिशवी चढवली आणि धुऊन पुसलेल्या गाडीच्या बॉनेटवरून तळवा हळूहळू फिरवायला सुरुवात केली, तेव्हा उस्ताद दोन पावलं मागे सरकले.

"पिशवीतून हात फिरवला की बारीकसा कणही बोटाला कळतो, ताई," पॉलिशवाला म्हणाला. "आधी रंग तपासायचा, मग वॅक्स."

ताई म्हणजे उस्तादांची लेक. गाडी तिची, तेवीस दिवसांची. उस्तादांनी चौतीस वर्षं शहर बस चालवली होती आणि एवढ्या वर्षांत गाडीला ओरखडा नाही, म्हणून डेपोत त्यांना सगळे उस्तादच म्हणत. निवृत्तीनंतरही ते नाव चिकटून राहिलं. लेक नोकरीवर जायची, आणि दुपारी नातीला शाळेतून गाडीने आणायचं काम त्यांच्याकडे होतं.

हे वॅक्स टाळायला त्यांनी आठवडाभर जंग जंग पछाडलं होतं. "नव्या गाडीला एवढ्यात कशाला? वर्षभराने बघू."

"बाबा, गाडी दिवसभर उन्हात उभी असते, पक्षी वर घाण करतात. रंग चांगला आहे तोवरच जपायचा. गेल्यावर काय जपायचंय?"

 खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं.

दोन आठवड्यांपूर्वी लेक कामासाठी तीन दिवस परगावी गेली होती. त्यातल्या पहिल्याच दुपारी इमारतीच्या फाटकातून बाहेर पडताना डावीकडून खर्रर्र आवाज आला. खांब नंतर दिसला, आवाज आधी आला. डेपोतल्या जुन्या रंगारी मित्राने डावीकडचं मागचं दार दीड दिवसात असं करून दिलं, की उन्हात धरूनही फरक कळेना. जाताना त्याने बजावलं होतं, "महिना-दीड महिना याला वॅक्स लावू नकोस. वरून वाळलाय, आतून कच्चा आहे."

पॉलिशवाल्याचा हात आता पुढच्या दारावर होता. मग मागच्या दारावर आला. आणि थांबला.

त्याने पिशवी काढली. नाक दाराजवळ नेलं. काचेखालचं रबर नखाने जरासं उचललं. खाली दुसऱ्यांदा मारलेल्या रंगाची केसाएवढी कड होती. त्याने मान वर केली. लेकीच्या पाठीमागे उभ्या असलेल्या उस्तादांनी कमरेशी हात जोडले होते.

पॉलिशवाल्याने रबर परत बसवलं. "ताई, एवढं दार आज राहू दे."

"का?"

"महिन्याने आणा. फुकट करून देतो."

"अहो, पण का?" एकदा खनपटीला बसली की ती सोडणारी नव्हती. "नव्या गाडीला वॅक्स चालत नाही का?"

"चालतं की. कंपनीतून रंग भट्टीत भाजूनच येतो. त्याला पहिल्या दिवशीही वॅक्स लावा." त्याने कपड्याला हात पुसले. धंद्याच्या गोष्टीत त्याला खोटं बोलता येत नव्हतं. "गॅरेजात मारलेल्या रंगाचं तसं नाही. आतलं थिनर हळूहळू उडतं. वरून वॅक्सचा थर बसला की ते कोंडतं आणि रंग बिघडतो."

लेकीला समजायला वेळ लागला नाही. "म्हणजे मला ठोकलेली गाडी विकली?" तिने फोन काढला. "शोरूममध्ये चावी देणारा तो चष्मेवाला! उगीच नव्हता गोड बोलत. त्याची तक्रार थेट वर जाणार. आज त्याला घरी बसवते की नाही बघा."

फोनची रिंग स्पीकरवर वाजू लागली. उस्ताद एक पाऊल पुढे आले.

"नमस्कार मॅडम," तोच माणूस होता. "गाडी काय म्हणतेय?"

"ठेव फोन," उस्ताद म्हणाले.

"बाबा, मध्ये बोलू नका."

"ठेव म्हणतो ना! त्याने नाही, मी ठोकली."

तिने फोन बंद केला. पॉलिशवाला उगाचच बादलीत कपडा पिळत बसला.

"कधी?"

"तू परगावी गेलीस तेव्हा. खांबाला."

"पिल्लू होती गाडीत?"

"नाही. तिला आणायलाच निघालो होतो."

तिने डोळे मिटले, मोठा श्वास सोडला. "बाबा, खरचटलं तर सांगायचं ना. मी काय खाणार होते तुम्हाला?"

"खांब सगळ्यांनाच लागतो, काका," पॉलिशवाल्यानेही सांभाळून घेतलं. "मी तर स्वतःच्या दुकानाचं शटर ठोकलंय."

लेक हसली. उस्तादांचा जीव भांड्यात पडला. एवढ्यावर निभावलं होतं! तिने घड्याळ पाहिलं आणि चावी त्यांच्यापुढे धरली. "वॅक्सचं उद्या बघू. मला कामावर सोडा आणि तसेच शाळेत जा. सुटायला अर्धा तास आहे."

उस्तादांनी चावी घेतली. मुठीत धरली.

"चला ना."

"मला खांब दिसला नव्हता," ते म्हणाले.

"लक्ष नसेल."

"लक्ष होतं. दिसला नाही. डावीकडचं मला दिसतच नाही. आता हा पॉलिशवाला कुठे गेला, मला ठाऊक नाही."

पॉलिशवाला त्यांच्या डाव्या बाजूला, दोन हातांवर उभा होता.

लेक ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "दोन आठवडे," ती म्हणाली, "रोज तुम्ही तिला आणताय." तिने त्यांची मूठ उघडून चावी काढून घेतली आणि स्वतः शाळेकडे निघाली. उस्ताद शेजारी बसले.

त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डावीकडची गेलेली नजर परत येणार नव्हती; उरलेली औषधाने टिकणार होती. गाडी चालवणं बंद. नातीसाठी शाळेची व्हॅन लावली. बाकीच्या गाडीला वॅक्स झालं, त्या दाराला दीड महिन्याने.

डॉक्टरांकडून आल्यावर चार दिवस लेक त्यांच्याशी बोलली नाही. मात्र रोज सकाळी आठच्या ठोक्याला बाटली घेऊन समोर उभी राहायची, हनुवटी धरून डोळ्यांत थेंब टाकायची आणि निघून जायची. पाचव्या दिवशी ती थांबली.

"रडताय, की औषध बाहेर येतंय?"

"औषध."

"मग डोळे मिटा हलकेच," ती म्हणाली, आणि पदराने त्यांचा गाल पुसला.