लेच्चिमी अक्काचं मदुरै

मारुदायीचा पासपोर्ट आला तेव्हा तिनं तो मळ्यातल्या मजुरांच्या खोल्यांच्या आख्ख्या लायनीला दाखवला. जन्मभर चहाची पानं खुडून झिजलेल्या बोटांचे ठसे कोलंबोच्या यंत्रात उमटतच नव्हते, हेही सगळ्यांना सांगितलं. तिची नि माझी खोली एका भिंतीआड. त्यामुळे मदुरैला जायचं सगळं ठरताना मी ऐकत होते, आणि पुढचंही माझ्याच कानांवर आलं.

मदुरैत तिची थोरली बहीण होती, लेच्चिमी. मारुदायी लहान असतानाच लेच्चिमीचं लग्न झालं, आणि लंकेच्या नि हिंदुस्थानच्या सरकारांच्या करारात तिच्या नवऱ्याचं नाव हिंदुस्थानात परत पाठवायच्यांत निघालं. परत कसलं, त्यानं तो देश बघितलाही नव्हता. हॅटन स्टेशनात गाडी हलली तेव्हा बायका डब्याच्या दांड्या सोडेनात. पुढे तलैमन्नारहून जहाज, पलीकडे रामेश्वरम.

मग पत्रं येऊ लागली. नवऱ्याला मदुरैत भांड्यांच्या दुकानात काम मिळालंय, मीनाक्षीच्या देवळामागे घर आहे, पहाटे देवळातलं नादस्वरम घरात ऐकू येतं. त्यांची म्हातारी आई मास्तरांकडून ती दोन-दोनदा वाचून घ्यायची. त्या पत्रांच्या भरवशावर मधला भाऊ वेलू आपणहून नाव देऊन हिंदुस्थानात गेला. तो आला, मेव्हण्याशी भांडला नि मुंबईला निघून गेला, असं लेच्चिमीनं कळवलं. पुढे वेलूचा पत्ता नाही. म्हातारी मरेपर्यंत म्हणायची, मुंबई मोठी आहे, पोरगा कामात असेल.

मारुदायीचा मुलगा योगराज कोलंबोत कापडाच्या दुकानात होता. आईला एकदा मदुरै दाखवायचं त्यानं मनावर घेतलं होतं. सुट्टीला आला की दोघांचं तेच चालायचं.

"चैत्र महिन्यात नको, अम्मा. मीनाक्षीच्या लग्नाला लाखानं माणूस असतं. तुला देवी दिसायची नाही, लोकांच्या पाठी दिसतील."

"दिसू देत. इथं तरी काय, जन्मभर पुढच्या बाईची पाठच बघितली मी, टोपलीसकट."

बायकांनी तिला काय काय आणायला सांगितलं. कुणाला मोगरा, कुणाला काळा दोरा, मला देवीचं कुंकू. बहिणीला न्यायला तिनं चांगली चहापत्ती योगराजकडून कोलंबोच्या दुकानातून मागवली. आमच्या मळ्यात पिकते ती आमच्या वाट्याला येत नाही, आम्हाला भुकटी.

येणार म्हटल्यावर लेच्चिमी फोनवर आधी नुसती हसली. मग म्हणाली, "घराला रंग काढलाय गं, पुढच्या महिन्यात ये." पुढच्या महिन्यात तिच्या घरात पाणी शिरलं होतं. त्यानंतर तिला ताप येत होता.

"शहराची बाई झाली ती," नळावर कामाच्ची म्हणाली. "तुझ्या टाचा बघून शेजारपाजार काय म्हणेल तिला?"

मारुदायी संध्याकाळी मागच्या दारी दगडानं टाचा घासत बसली होती.

रविवारी दुपारी तिनंच फोन लावला. तिला कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्या आवाजावर. मी तिथंच तांदूळ निवडत होते.

"अक्का, तिकीट काढलंय. माझी लाज वाटत असेल तर तसं सांग. मी धर्मशाळेत उतरते. देवळात येऊन घटकाभर भेट, आणि जा."



"मारी, मी मदुरैत राहत नाही."

"मग कुठं?"

"वर डोंगरात. कोडैकानलच्या पुढं. पहिल्यापासून."

रामेश्वरमला उतरल्यावर ठेवलेल्या छावणीतूनच एका मुकादमानं काम देतो म्हणून त्यांना लॉरीत घातलं होतं. रानात झाडांची साल सोलायचं काम. ताडपत्रीखाली राहायचं, सुटायचं नाव काढलं की मार. दोन लेकरं तिथंच गेली, मग नवरा गेला. पुढे कधीतरी सरकारी माणसांनी येऊन सोडवलं, पण जाणार कुठं? मदुरै तिनं त्या लॉरीतून बघितलं होतं, तेवढंच.

"आणि पत्रं?"

"मुकादम लिहायचा. जिल्हा मदुरै, म्हणून पत्त्यात मदुरै. घर, देऊळ त्यानंच घातलं, आणखी माणसं यावीत म्हणून."

"सगळी त्यानंच लिहिली?"

"पुढची मी सांगून लिहून घेतली. अम्मानं कळवलं होतं, तुझी पत्रं ऐकून झोप लागते."

मारुदायीनं फोन दोन्ही हातांत धरला. "वेलू अण्णा मुंबईला गेला ना, अक्का?"

"घर विचारत मदुरैभर फिरला तो. त्याच मुकादमाच्या हाती लागला. मला बघून हसला आधी. म्हणाला, तुझं देऊळ कुठाय?" लेच्चिमीचा आवाज अगदी सपाट होता. "पळताना धरला त्याला. त्या मारातून उठला नाही. त्याच पावसाळ्यात."

"अम्मा मरेपर्यंत मुंबईची वाट बघत होती."

"ठाऊक आहे मला."

मारुदायीनं फोन बंद केला.

योगराजला तिनं तिकीट मोडायला सांगितलं. नंतर स्वतःच म्हणाली, राहू दे, पण मदुरैत थांबायचं नाही, वर जायचं.

परत आल्यावर तिनं मला सांगितलं ते एवढंच. लेच्चिमी मोटार थांबते तिथं उभी होती, दात गेलेली, वाकलेली. चहाची पुडी घेतली नि हुंगत राहिली. साल सोलायची ती झाडं आता नाहीत, गाजराचे वाफे आहेत. मालकाचं कुत्रं अंगावर येतं म्हणून दोघी कुंपणाबाहेरच थांबल्या. "त्या टाकीच्या आसपास कुठंतरी पुरलंय वेलूला," लेच्चिमीनं हात केला.

"मारायला हात उचलला होता गं मी," मारुदायी म्हणाली. "पण तिचं डोकं माझ्या खांद्याशीसुद्धा येत नव्हतं. आणि ती सरकलीही नाही. मार खायला उभी राहिल्यासारखी उभी होती."

डोंगर उतरून आल्यावर मदुरैत विमानाला वेळ होता. योगराज म्हणाला, देऊळ जवळ आहे, जाऊन येऊ. ती नको म्हणाली.

आल्यावर तिनं मळ्यातल्या देवळात वेलूचे विधी करवले. माणसांनी विचारलं, कशानं गेला? ती म्हणाली, तापानं. कामाच्चीनं मदुरै कसं आहे विचारलं तेव्हा, गर्दी आहे, म्हणाली.

रविवारी लेच्चिमीचा फोन येतो. मारुदायी कधी उचलते, कधी वाजू देते. उचलला तर पावसाचं बोलतात, खोकल्याचं बोलतात. वेलूचं नाव निघत नाही. परवा लेच्चिमी म्हणाली, "मरायच्या आधी एकदा आपली लायन बघायची होती."

मारुदायी फोन तसाच चालू ठेवून उठली नि चुलीत लाकूड सारायला गेली.